अंगावर पिणारं बाळ आणि निवडणूक प्रशिक्षणाचा आदेश

प्रश्न (जि. प. शिक्षिका):
मुलगी सात महिन्यांची आहे. अंगावरच पिते, बाटली तोंडात धरत नाही. काल विधानसभेचा आदेश हातात पडला: मतदान अधिकारी, रविवारी तालुक्याला पहिलं प्रशिक्षण. मुख्याध्यापक म्हणतात, गैरहजर राहिलात तर गुन्हा दाखल होईल. आमच्या यांनाही आदेश आहे, तेही शिक्षकच. स्तनदा मातेला सूट असते ना? अर्ज कुठे द्यायचा?

उत्तर (निवृत्त अव्वल कारकून, निवडणूक शाखा):
ताई, सूट आहे. निवडणूक आयोगाच्या सूचना स्पष्ट आहेत: गरोदरपणाचे शेवटचे महिने असलेल्या आणि तान्ह्या बाळाला पाजणाऱ्या महिलांना मतदानाच्या कामावर घेऊ नये. पण नीट ऐका. ही सूट नेमणुकीतून आहे. आदेश रद्द होत नाही तोवर प्रशिक्षण बंधनकारकच राहतं. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 134 गैरहजेरीलाही लावतात. दंड 500 रुपयांपर्यंतच, पण आधी कारणे दाखवा नोटीस येते आणि जीव टांगणीला लागतो. मी अशा कितीतरी बायका हॉलबाहेर बाळ घेऊन बसलेल्या पाहिल्यात. दर वेळी पोटात तुटायचं, कारण चार दिवस आधी एक कागद दिला असता तर ती वेळच आली नसती.

अर्ज, बाळाचा जन्मदाखला आणि आदेशाची प्रत घेऊन स्वतः जा किंवा यांना पाठवा. निवडणुकीच्या कामावर माणसं नेमणाऱ्या मनुष्यबळ कक्षात द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. फोनवर "बघतो" म्हणाले तर त्यावर विसंबू नका. दुसऱ्या सरमिसळीत (संगणकावर नावं मिसळून मतदान पथकं ठरवतात, त्यात) नाव पथकात गेलं की बदली माणूस शोधावा लागतो, मग सगळेच टाळतात.

उत्तर (ग्रामसेविका):
नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर विनंतीवरून एकाला वगळतात. तेही अर्जात लिहा, पण बाळाचं कारण वर ठेवा. आणि शाळेकडून माहिती जाते तेव्हाच शेऱ्यात "स्तनदा माता" लिहायला सांगायचं. माझ्या वेळी ते राहिलं होतं.

प्रश्नकर्ती:
काका, ताई, आज पोच घेतली आणि संध्याकाळी आदेश रद्द झाल्याचं पत्र आलं. शेरा खरंच कोरा होता. रविवारी हे एकटेच जातील. शेजारच्या केंद्रातल्या शाळेत पाच महिन्यांचं बाळ असलेली मैत्रीण आहे, तिचा अर्ज आता लिहायला बसलेय.