५० हजारात गेमिंग पीसी जुळवायचाय, पार्टची यादी बघता का जरा

बार्शीकर_०७:
नमस्कार मंडळी. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष चालूय, घरी लय मागं लागून ५० हजार मंजूर करून घेतलेत, त्यातले १० माझ्या सुट्टीतल्या कामाचे. मॉनिटर आहे, मामाचा जुना, फुल एचडी ६० हर्ट्झ. खेळायचं म्हणजे व्हॅलोरंट, जीटीए ५, जमलं तर सायबरपंक, आणि कॉलेजचं ऑटोकॅड. काढलेली यादी अशी: प्रोसेसर रायझन ५ ५६००, मदरबोर्ड बी५५०, रॅम ८ जीबीची एक स्टिक (दुसरी दिवाळीला), ग्राफिक कार्ड आरएक्स ६६००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, कॅबिनेट साधं, त्याच्यासोबतच ४५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज देणारा डबा) येतो म्हणाला दुकानदार. आता गावातला दुसरा एकजण म्हणतो एवढं कशाला, २२ हजारात चौथ्या पिढीचा आय७, १६ जीबी, रेडी गेमिंग पीसी देतो वर चार आरजीबी पंखे. पप्पांना तेच पटायला लागलंय. काय सांगू?

रिकामा_स्लॉट:
पप्पांना सांग की आय७ हे नाव बघायचं नसतं, पिढी बघायची असते. चौथी पिढी म्हणजे २०१३-१४ चा माल, चार कोर, आज बाराव्या पिढीचा आय३ पण त्याला मागे टाकतो. आणि खरी गोची पुढे आहे, त्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि दुकानदाराने कसंतरी ११ टाकून दिलंच तर त्यावर व्हॅलोरंट टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट मागतं, एवढ्या जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० सहसा नसतं. म्हणजे पोरगा ज्या गेमसाठी पीसी मागतोय तीच चालणार नाही, आणि चार पंखे तेवढे फिरत बसणार.

तुझी यादी बरी आहे, फक्त रॅम एक स्टिक घेऊ नको. एका स्टिकवर सिंगल चॅनल, म्हणजे रॅमचा एकच रस्ता चालतो, प्रोसेसर रॅमची वाट बघत बसतो, गेम मधेच अडखळते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत हे मान्य, पण मग बोर्डवर वाचव, चांगला बी४५० घे. आरएक्स ६६०० ला ८ जीबी मेमरी आहे म्हणून बी४५० च्या पीसीआयई ३.० वर (कार्डाच्या स्लॉटची जुनी, कमी वेगाची पिढी) फारसा फरक पडत नाही. बोर्डचा बायोस (पीसी सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) रायझन ५००० सिरीजसाठी अपडेट केलेला आहे का तेवढं विचारून घे. बसवताना स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगावर चालवायची सेटिंग) चालू कर नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २४००-२६६६ वर रांगत राहते.

वऱ्हाडी_ठसका:
काहून एवढा खर्च करता भाऊ, ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर व्हॅलोरंट तर ५६००जी प्रोसेसरच्या ऑनबोर्ड ग्राफिकवर पण आरामात चालते. आता तो घे, कार्ड पुढच्या वर्षी. अन सेकंडहँड आरएक्स ५८० कार्डाच्या नादी लागशील तर २०४८एसपी वाला डुप्लिकेट गळ्यात मारतात, खऱ्या ५८० त २३०४ शेडर (ग्राफिकचं काम करणारे बारीक कोर) असतात, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहाय.
दुसरं, समोरून काच असलेला कॅबिनेट घेऊ नको, जाळीचाच घे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जाते, माझ्या भावानं पीसी गरम होते म्हणून खोलीतला मोठा वाळ्याचा कूलर सरळ कॅबिनेटच्या तोंडाशी आणून ठेवला होता. दोन महिन्यात बोर्डावर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं. कूलर म्हणजे प्रोसेसरचा कूलर बे!

रिकामा_स्लॉट:
@वऱ्हाडी_ठसका बुरशी 😂 पण ५६००जी ला माझा विरोध. एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ५६०० च्या निम्मी, ३२ ऐवजी १६ एमबी. उद्या कार्ड लावलं तरी ती उणीव राहतेच. आणि जीटीए, सायबरपंक आहे ना यादीत.

जोडतोड_काका:
तुम्ही प्रोसेसरवर भांडताय आणि कुणी त्या ४५० वॅटच्या एसएमपीएसकडे बघितलंच नाही. बाळा, दुकानात जा आणि त्याच्या कडेचं स्टिकर वाच. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि १२ ने गुण. फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर बहुतेक १४-१५ च्या आसपास दिसेल. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॅट. तुझं कार्ड एकटं १३२ खातं, प्रोसेसर भरात असला की ७६, झाले २०८. डेस्कटॉपवर सगळं ठीक दिसेल, गेम सुरू केली की धाडकन बंद, आणि मग कार्डला शिव्या. ओळखीच्या ब्रँडचा ८० प्लस (कमी वीज वाया घालवण्याचा शिक्का) असलेला ५५० वॅट घे, त्यात १२ व्होल्टला चाळीसच्या आसपास अँपिअर असतात. हातात घेऊन वजन पण बघ, हलका लागला तर ठेवून दे. याचे पैसे त्या एनव्हीएमईतून नाहीतर कॅबिनेटमधून काप, इथून नको.

आणि घरी अर्थिंग आहे का? एसएमपीएसच्या आत बारीक कपॅसिटर असतात, ते अर्थकडे थोडा करंट सोडतात. अर्थची वायर नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावरच थांबतो, ११५ व्होल्टच्या आसपास, आणि हात लावला की झिणझिण्या. वायरमनकडूनच तपासून घे, स्वतः बल्बच्या वायरी कोंबत बसू नको.

बार्शीकर_०७:
काका, आज गेलो होतो. स्टिकर वाचलं तर १२ व्होल्टला १३ अँपिअर! म्हणजे १५६. दुकानदाराला गुणाकार करून दाखवला तर म्हणे एवढं कोण बघतं. तो एसएमपीएस सोडला, ५५० वाला वेगळा घेतोय, रॅम ८+८, बोर्ड बी४५०, कॅबिनेट जाळीचं.
वायरमन पण आला होता. सॉकेटच्या वरच्या भोकाला मागून वायरच नाही, नुसतं भोक. पप्पा आय७ विसरले, ते आता वेगळंच विचारतायत, आमच्या फ्रिजच्या हँडलला पावसाळ्यात मुंग्या आल्यासारखं होतं ते पण यामुळंच का?

जोडतोड_काका:
फ्रिजला मुंग्या म्हणजे आतलं इन्सुलेशन पण गेलेलं असू शकतं. आजच प्लग काढा आणि त्याच वायरमनला परत बोलवा. पीसी आठवड्याने आला तरी चालेल.