मदत हवी आहे: साळ्याले काय उत्तर देऊ?

राजेहो, माहा साळा पानठेल्यावर रोज ११ सप्टेंबर २००१ चा व्हिडिओ दाखवते अन म्हनते न्यूयॉर्कची ती ४७ मजली डब्ल्यूटीसी ७ (वर्ल्ड ट्रेड सेंटरची ७ नंबरची बिल्डिंग), तिले विमान लागलंच नाही तं संध्याकाळी पडली कशी, सरकारनंच पाडली. लोखंड आगीत वितळत नाही म्हने. मी म्हनलं वितळाची गरजच काय बा, लोहार फाळ लाल करून घनानं वाकवतेच ना! चूप झाला. पन २००८ च्या सरकारी रिपोर्टमदी हाये का आगीनं बीम फुगले, ७९ नंबरचा कॉलम गेला, अन सव्वादोन सेकंद बिल्डिंग फ्री फॉलनं, म्हंजे खाली कायचाच आधार नसल्यावानी, आली हेबी त्यायनं मानलं, इथं माही गाडी अटकते. एका कॉलमनं पुरी बिल्डिंग कशी बसते? कोनी सिव्हिलवाला असन तं सोपं करून सांगा, शनिवारी बाजारात तो भेटनच.