सल्ला हवाय: बिग ब्लाइंडवर स्टॅक छोटा असताना काय धरायचं, काय सोडायचं?

किलवर_दुर्री

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने पोकर टूर्नामेंट नियमित खेळतेय. स्टॅक (समोरच्या चिप्स) मोठा असतो तोवर बरं चालतं. १५ ब्लाइंडच्या खाली आले आणि बिग ब्लाइंड (पानं बघण्याआधीच भरायच्या दोन सक्तीच्या रकमांपैकी मोठी; लहान ती स्मॉल ब्लाइंड) माझ्यावर आला की काही सुचत नाही, आणि बहुतेक वेळा मी पानं टाकून देते. मग दोन-तीन फेऱ्यांत ब्लाइंड वाढतात आणि जे हाती येईल ते घेऊन ऑल-इन (सगळ्या चिप्स आत) करावं लागतं. असं बऱ्याचदा झालंय. आता हे नीट शिकायचंच आहे.

परवाचा डाव सांगते. ब्लाइंड १,०००/२,०००, अँटी (डावाआधीची सक्तीची वर्गणी) २,०००, ती बिग ब्लाइंडवालाच सगळ्यांच्या वतीने भरतो. अँटी भरून माझे २४,००० उरले होते, त्यातले २,००० ब्लाइंडचे. सगळ्यांनी सोडलं, बटणवाल्याने (फ्लॉपनंतर शेवटची चाल ज्याची, तो) ४,००० केले, स्मॉल ब्लाइंडने सोडलं. माझ्याकडे चौकटची दश्शी आणि चौकटची सत्ती. मी सोडलं, आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं.

कॉल (समोरच्याइतकं भरणं), ऑल-इन की फोल्ड (सोडणं)? टेबलावर बसल्या बसल्या हिशोब कसा करायचा? आणि सराव कसा करावा, तेही सांगा.

रात्रपाळी

पानं क्षणभर बाजूला ठेवा आणि आधी भाव बघा. बटणचे ४,०००, स्मॉल ब्लाइंडचे १,०००, तुमचे २,०००, अँटीचे २,०००. झाले ९,०००. तुम्हाला भरायचे होते फक्त २,०००. भरल्यावर पॉट (मधली जमा रक्कम) ११,०००. दोनाला अकराने भागा, १८ टक्के. पाचात एकदा हा पॉट तुमच्याकडे आला तरी कॉल वसूल आहे. दश्शी-सत्ती सूटेड (एकाच चिन्हाची), समोर एक्का-राजा असला तरी तीनात एकदापेक्षा जास्त जिंकते. फोल्ड नक्कीच चूक.

आता बटणवाल्याच्या खुर्चीत बसून बघा. तो ४,००० लावतो ते ५,००० उचलायला. तुम्ही दोघे ब्लाइंडवाले मिळून ४५ टक्के वेळा सोडत असाल, तर त्याने पानं न बघता रेझ केलं (रक्कम वाढवली) तरी तो फायद्यात. स्मॉल ब्लाइंडवाला बहुतेक वेळा सोडतोच, म्हणजे त्याला अडवायची जबाबदारी जवळजवळ एकट्या तुमच्यावर येते. तुम्ही सोडत राहता हे त्याच्या लक्षात आलं की तो प्रत्येक फेरीत हेच करणार.

हिशोबासाठी एवढं पाठ करून टाका. या अँटीसह समोरच्याने बिग ब्लाइंडच्या दुप्पट केलं तर १८ टक्के लागतात, अडीचपट केलं तर २३, तिप्पट केलं तर २७. अँटी नसेल तर दुप्पटला २२. रेझचा आकार बदलला की तुमची पानंही बदलली पाहिजेत. हे फार जण करत नाहीत.

सरळ_ऑलइन

मला हे पटत नाही. १८ टक्के कागदावर ठीक आहेत, पण फ्लॉपनंतर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं) पहिली चाल तुमची असते. जोडी नसलेली पानं फ्लॉपवर तीनातल्या दोन वेळा काहीच बनवत नाहीत. मग तो छोटी बेट लावतो आणि तुम्ही सोडून देता. म्हणजे तुमच्या इक्विटीतला (पॉटमधल्या सरासरी वाट्यातला) मोठा हिस्सा हातात कधी येतच नाही. १५ च्या खाली मी एकच नियम पाळतो: ऑल-इन करण्यासारखं असेल तर करायचं, नाहीतर सोडायचं. या नियमाने माझा खेळ सुधारला आहे, म्हणून सांगतोय.

पानं_मोजणारी

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळी इक्विटी हातात येत नाही, हे खरं. पण स्टॅक मोठा असताना ते जास्त खरं. १०० ब्लाइंड मागे असले की फ्लॉप, टर्न (चौथं पान), रिव्हर (पाचवं पान) असे तीन वेळा तुम्हाला पेचात पकडता येतं. तुमच्या डावात कॉलनंतर पॉट ११,००० आणि तुमच्या मागे २०,०००. पॉटच्या दुपटीपेक्षाही कमी. म्हणजे फ्लॉपवर एकच निर्णय उरतो: चेक करायचं (काही न लावता चाल पुढे द्यायची), त्याने बेट लावली की सगळं आत टाकायचं किंवा सोडायचं. छोट्या स्टॅकला इथे उलट मदत होते. म्हणून कॉल करायच्या आधीच ठरवा की कोणत्या फ्लॉपवर सगळं लावणार. दश्शी-सत्तीसाठी माझं उत्तर: कुठलीही जोडी, फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाची चार पानं, पाचव्याची वाट), आणि दोन्हीकडून उघडी सिक्वेन्स, म्हणजे नव्वी-अठ्ठी-दुर्रीसारखा फ्लॉप. तिथे छक्की किंवा गुलाम चालतो, ८ पानं, रिव्हरपर्यंत साधारण ३१ टक्के. फ्लश ड्रॉला ३५. शिवाय त्याने सोडलं तर पॉट तसाच मिळतो. फ्लॉप एक्का-राजा-चव्वी आला तर वाईट न वाटून घेता सोडायचं, २,००० च गेले.

आता ऑल-इनचा हिशोब, कारण तो अंदाजानेच केला जातो. त्याच ठिकाणी तुम्ही १२ ब्लाइंड आत टाकलेत. तुमचे नवीन ११ ब्लाइंड जातात. त्याने सोडलं तर साडेचार मिळतात. त्याने कॉल केला तर पॉट साडेपंचवीसचा होतो. समजा कॉल झाल्यावर तुम्ही ३५ टक्के जिंकता, तर तुमच्या वाट्याला सुमारे ९ येतात, म्हणजे सरासरी दोन ब्लाइंडचा तोटा. हे सगळं मांडलं की उत्तर येतं: त्याने ३२ टक्के वेळा सोडलं तरी तुम्ही बरोबरीत. बटणवर बसून निम्मी पानं रेझ करणारा माणूस त्यापेक्षा बरंच जास्त सोडतो. तेव्हा ऑल-इन हा फायद्याचाच मार्ग आहे.

मग निवड कशी करायची? ज्या पानांना फ्लॉप बघणं नकोसं असतं ती ऑल-इनला चांगली. पंजी-पंजी घ्या. फ्लॉपवर वरची दोन पानं आली की तुम्हाला कळतच नाही कुठे उभे आहात. छोट्या-मधल्या जोड्या, एक्का-दश्शीसारखी पानं, सूटेड एक्के, हे बटणसमोर सरळ आत. गुलाम-नव्वी, दश्शी-सत्ती सूटेड, राणी-अठ्ठी यांना स्वस्तात फ्लॉप बघू द्या. आणि अठ्ठी-तिर्री, सत्ती-दुर्री वेगवेगळ्या चिन्हांची असतील तर भाव कितीही चांगला असो, टाका.

सरळ_ऑलइन

३२ टक्क्यांचा हिशोब मी स्वतः कधी मांडून बघितला नव्हता. मधल्या पानांबद्दल तुमचं म्हणणं पटलं, कॉल करून बघतो.

किलवर_दुर्री

किती छान समजावलंत, मनापासून आभार. अजून एक. सहाच ब्लाइंड उरले असतील तर? परवाच सहा असताना मी गुलाम-दश्शी घेऊन बटणच्या दुप्पट रेझवर ऑल-इन केलं, त्याने लगेच कॉल केला.

रात्रपाळी

करणारच. त्याला अजून चारच भरायचे होते आणि पॉटमध्ये साडेनऊ होते. ३० टक्के पुरतात, म्हणजे जवळपास कुठल्याही पानांनी कॉल. सहाला तुमच्या ऑल-इनमध्ये धाक उरलेला नसतो.

इथे एक जुनी चाल आहे, स्टॉप अँड गो. रेझवर फक्त कॉल करा आणि फ्लॉप काहीही येवो, पहिली चाल तुमची असल्याने उरलेले चार लगेच आत टाका. गंमत बघा: पॉट साडेपाच, तुमचे चार, त्याला पुन्हा चारच भरायचे साडेनऊसाठी. भाव अगदी तोच. पण आता त्याने फ्लॉप बघितलाय, आणि तीनातल्या दोन वेळा तो चुकलाय. वरची दोन पानं असून जोडी लागली नसेल तर त्याच्याकडे ६ पानं, दोन पत्त्यांत साधारण २४ टक्के. लागतात ३०. सोडणं त्याला भाग पडतं, आणि अनेकदा तेव्हा तुमचीच पानं मागे असतात. एरवी पहिली चाल आपली असणं हे ओझं असतं, इथे तेच हत्यार होतं.

यासाठी समोरचा सोडू शकणारा हवा. काहीही झालं तरी बघणाराच माणूस असेल तर चांगल्या पानांची वाट बघा.

पहिली_खुर्ची

वर सगळे बटणबद्दल बोललेत. रेझ कोणी केलं हे त्याहून महत्त्वाचं. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्याच खुर्चीतून रेझ आला तर त्या माणसाकडे साधारण वरची १५ टक्के पानं असतात, बटणवर हेच ४०-५० टक्के. एक्का-अठ्ठी बटणसमोर ऑल-इन ठीक. पहिल्या खुर्चीसमोर तीच पानं आत टाकलीत तर कॉल येतो तो एक्का-राजा, एक्का-राणी किंवा मोठ्या जोडीचा. मोठ्या एक्क्यासमोर छोटा एक्का साधारण चारात एकदाच जिंकतो. दुप्पटच रेझ असेल तर कॉल करा, ऑल-इन नको.

याच्या उलट टोक म्हणजे स्मॉल ब्लाइंडवाल्याचा ऑल-इन. त्याने १० लावले तर तुम्हाला ९ भरून २१ चा पॉट, ४३ टक्के. काही जण तिथून काहीही लावतात. राणी-सत्ती वेगवेगळ्या चिन्हांची, दिसायला किरकोळ, पण कुठल्याही दोन पानांसमोर ती साधारण ५२ टक्के आहे. सगळेच इतके मोकळे खेळत नाहीत, म्हणून आधी दोन फेऱ्या बघा की हा माणूस काय दाखवतो.

पानं_मोजणारी

बबल राहिलाच. बक्षिसाच्या उंबरठ्यावर वरचे सगळे आकडे चढे धरा, कारण गमावलेल्या चिप्सची किंमत जिंकलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते. आयसीएम म्हणतात ते हेच. ४३ टक्क्यांचा कॉल तिथे तोट्याचा होऊ शकतो. शेजारच्या टेबलावर कोणी दोन ब्लाइंडवर तग धरून असेल तर मी हमखास थांबते. सॅटेलाइटमध्ये (जिथे बक्षीस म्हणजे मोठ्या स्पर्धेतली जागा) तर १० जागा, ११ खेळाडू आणि तुमचा स्टॅक सुरक्षित असेल तर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकायची वेळ येते, कारण पहिला आणि दहावा दोघांना सारखंच मिळतं. मधल्या स्टॅकवाल्यावर ऑल-इन करणं मात्र बबलवर जास्त चालतं, बाहेर जायची भीती त्यालाही असते. सर्वात मोठा स्टॅक असलेल्याला ती नसते.

सरावाबद्दल: १५ च्या खालचे फक्त बिग ब्लाइंडचे डाव वहीत लिहा. स्टॅक, रेझ कुठल्या खुर्चीतून, किती पट, मी काय केलं. निकाल लिहू नका, तो डोळ्यांवर झापड आणतो. घरी आल्यावर प्रत्येकाचा भाव काढा, मग इक्विटी कॅल्क्युलेटरवर समोरच्याची रेंज (त्याच्याकडे असू शकणारी पानं) टाकून ताडून बघा. पुश-फोल्डचे तक्ते उपयोगी आहेत, पण ते फक्त ऑल-इन की फोल्ड एवढंच सांगतात. कॉल त्यांत नसतो.

किलवर_दुर्री

वही सुरू केली. कालचा डाव. ब्लाइंड तेच, माझे २६,०००. बटणने ५,००० केले, माझ्याकडे गुलाम-नव्वी, वेगवेगळ्या चिन्हांची. ३,००० भरून १३,००० चा पॉट, २३ टक्के, म्हणून कॉल. फ्लॉप नव्वी-छक्की-दुर्री, तीन वेगळी चिन्हं. मी चेक, त्याने ५,००० लावले, मी २१,००० आत. त्याने एक्का-राणीने कॉल केला आणि रिव्हरवर राणी आली. बाहेर पडले. निकाल लिहायचा नव्हता, माहीत आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही: कुठे चुकलं?

पानं_मोजणारी

कुठेच नाही. चिप्स आत गेल्या तेव्हा त्याच्याकडे तीन एक्के आणि तीन राण्या, एवढीच ६ पानं होती. ५५,००० चा पॉट आणि चारातल्या तीन वेळा तो तुमचा. वहीत एवढंच लिहा: १३ ब्लाइंड, बटण, अडीचपट, कॉल, फ्लॉपवर चेक-रेझ ऑल-इन. आणि पुढचा डाव इथेच टाका, त्याच धाग्यात.