फुकटचा डेटाबेस आणि विद्यापीठाची जबाबदारी

निकालघर: काल एका सरांनी लिहिलं, "विद्यापीठाच्या संकेतस्थळाला ओरॅकलचा विकतचा डेटाबेसच हवा, फुकटच्याला वाली नसतो." वाचून राहवलं नाही. ओरॅकल एंटरप्राइझची छापील किंमत एका प्रोसेसर लायसन्सला ४७,५०० डॉलर. इंटेल प्रोसेसरच्या दोन कोअरना (आतल्या गणना करणाऱ्या भागांना) एक लायसन्स, म्हणजे आठ कोअरच्या साध्या सर्व्हरला १,९०,००० डॉलर. वर दरसाल २२ टक्के सपोर्ट. कशासाठी, तर प्रवेशअर्ज घ्यायला आणि निकाल दाखवायला! फुकट मिळणारं डेटाबेस-सॉफ्टवेअर पोस्टग्रेस १९८६ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठातच सुरू झालं. ते विद्यापीठांनीच परकं का मानावं?

जुना डीबीए: छापील किंमत कोण देतं? घासाघीस होतेच. मला सांगा, रात्री दोनला रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची सतत होणारी नक्कल) तुटलं तर उठणार कोण? आमच्याकडचा कंत्राटी मुलगा सोडून गेला. बॅकअपची स्क्रिप्ट त्याच्याच खात्यातून चालायची. खातं बंद केलं, बॅकअपही बंद. पाच महिने कुणाला पत्ता नाही.

निकालघर: साहेब, ओरॅकल असतं तरी ती स्क्रिप्ट बंदच पडली असती. माणूस नेमला नाही, त्याचं खापर पोस्टग्रेसवर का?

परीक्षा_विभाग: मी मायक्रोसॉफ्टच्या फुकटच्या डेटाबेसवर, एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर, पोळलेय. २०२२ च्या आवृत्तीपर्यंत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, आणि आमच्या एजन्सीने विद्यार्थ्यांचे फोटो टेबलातच कोंबलेले. निकालाच्या दिवशीच फाइल भरली, पुनर्मूल्यांकनाचा एकही अर्ज जाईना. पण त्याहून मोठा जाच याद्यांचा. 'काळे' येतात 'कासार'च्या आधी! क्षीरसागर आडनावाची एक मुलगी शेवटच्या पानावर स्वतःचं नाव शोधून रडकुंडीला आली. नाव होतं दुसऱ्या पानावर, 'क' संपतो तिथे.

जुना डीबीए: बरोबरच आहे ते. क्ष म्हणजे क् अधिक ष. जोडाक्षर 'क'मध्येच शोधायचं.

परीक्षा_विभाग: शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ असंच म्हणत आलो ना आपण? व्याकरण मुलीला नका शिकवू, यादी सुधारा!

निकालघर: ताई, हे सुटतं. पोस्टग्रेस १० पासून, म्हणजे २०१७ पासून, आयसीयू या भाषांसाठीच्या सॉफ्टवेअर-संग्रहाची कोलेशनं, म्हणजे भाषेनुसार क्रम लावायचे नियम, वापरता येतात. त्यातल्या मराठी कोलेशनमध्ये ह नंतर ळ, मग क्ष, ज्ञ. यादी मागवणाऱ्या क्वेरीत एक छोटा तुकडा वाढवायचा, लायसन्सचा एक रुपयाही नाही.

जुना डीबीए: क्ष-चं मला अजून पटलेलं नाही. पण कोलेशन फुकट मिळतं हे खरं, मान्य करतो. तरी माझा प्रश्न तिथेच आहे. लायसन्सचे वाचलेले पैसे डीबीएच्या (डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या) पगारात गेलेले मी एकाही विद्यापीठात पाहिले नाहीत. तुम्ही पाहिलेत?

निकालघर: नाही पाहिले. आमच्याकडेही ते पद तीन वर्षं रिकामं आहे.

परीक्षा_विभाग: ते कोलेशन लावायचं कसं, तेवढं लिहा. सोमवारी पुढची यादी लागायची आहे.