आईची आभाराची चिठ्ठी

प्रार्थना ऐकली गेली नाही म्हणजे विश्वास कमी पडला, असं एका ताईंनी लिहिलंय. मला ते अजिबात पटत नाही. येशूचा प्रेषित पौल, त्याचा विश्वास कमी होता का? शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं एक दुखणं, निघावा म्हणून आपण तीनदा विनवणी केली, हे बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 12व्या अध्यायात तो स्वतःच सांगतो. काटा निघाला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' एवढंच प्रभूकडून उत्तर मिळालं. क्रुसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत तर खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं होतं. आजारी माणसाच्या घरच्यांना 'तुमचा विश्वास कमी' म्हणणं फार क्रूर आहे हो, आम्ही ते ऐकलंय.

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे सलग नऊ बुधवार करायची प्रार्थना, होते. हिंदू, मुसलमान, सगळेच येतात. विनंतीच्या चिठ्ठ्यांबरोबर तिथे आभाराच्याही चिठ्ठ्या येतात. वडिलांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा आईने नऊ बुधवार धरले होते. गोराईहून बोट, मग बोरिवलीहून लोकल, गुडघे दुखत असताना. सातव्या आठवड्यात वडील गेले. तिने उरलेले दोन बुधवार पूर्ण केले आणि शेवटी आभाराची चिठ्ठी टाकली. मी चिडून विचारलं, कशाचे आभार? जमिनीवरून अकरा वर्षं अबोला धरलेला काका शेवटच्या चार रात्री वडिलांच्या उशाशी बसला होता, चमच्याने पाणी पाजत होता. आई म्हणाली, "मी तेही मागितलं होतं, तुम्हाला बोलले नव्हते."