गुलाबी पाच रुपये: टांकसाळीची चूक की कोकमाच्या आगळाची (खारवलेल्या रसाची) करामत?

वाशिष्ठीकाठ
कालच्या पोस्टमध्ये तीन नाण्यांचे फोटो टाकून ‘टांकसाळीच्या दुर्मिळ चुका, लाखाला जातील’ असं लिहिलंय. गुलाबी पाच रुपये, गाभा नसलेलं दहाचं कडं आणि उलटी अक्षरं उमटलेला रुपया. तिन्ही वापरात बिघडलेली आहेत. हे वाचून लोक पैसे घालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

पाचचं नाणं २००९ पासून निकेल-पितळेचं: ७५ टक्के तांबं, २० जस्त, ५ निकेल. आंबट-खारट ओलाव्यात आधी जस्त सुटतं आणि वर तांब्याचा पातळ थर उरतो. भिंगातून काठ बघा. जिथे घासलं गेलंय तिथे, आकड्याच्या माथ्यावरही, खालचं पिवळं दिसतं. चकतीच वेगळ्या धातूची असती तर झिजलेल्या जागीही रंग तोच राहिला असता.

जुन्या मालिकेतलं दहाचं नाणं ७.७१ ग्रॅम, त्यात कडं ४.४५. गाभा नंतर निसटला असेल तर भोक गोल राहतं आणि नक्षी नेमकी सांध्यापाशी तुटते. गाभ्याविनाच ठसा बसला असता, तर कड्याचा धातू आत सरकून भोक वेडंवाकडं झालं असतं.

उलटी अक्षरं म्हणजे दोन नाणी एकावर एक दाबली गेली. अशा वेळी मार खाल्लेली दुसरी बाजू चपटी होते. टांकसाळीत आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि त्याची छाप उठली, तर दुसरी बाजू नेहमीसारखी पूर्ण उठावाची असते.

हर्णै_बंदर
फोटोवरून सरसकट निकाल देणं त्या पोस्टइतकंच चूक आहे. वजन केलंत? रुपयाची मागची बाजू फोटोत आहे तरी का? साचा तडकला की नाण्यावर उंच रेघ येते; नंतर पडलेला ओरखडा मात्र खोल जातो आणि त्याच्या कडेला धातूचा बांध उभा राहतो. हे नखालाही कळतं, पण फोटोत नाही. लोक खऱ्या चुकासुद्धा खराब म्हणून गल्ल्यात टाकतात, त्याला असली ठाम उत्तरं जबाबदार आहेत.

वाशिष्ठीकाठ
वजन करायला हवं, मान्य. पण वजनाने सगळं ठरत नाही. रुळावर चेपलेलं नाणं लांबट होतं, अक्षरं ताणली जातात, वजन मात्र तेवढंच भरतं. कानस लावलेलं नाणं हलकं होतं. धातू सरकलाय की गेलाय, हे आधी बघायचं.

गल्ल्यावरचा
तुमची भिंगं राहू द्या. दहाचं नाणं अजून कित्येक दुकानांत घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये १४ नक्षींची यादी देऊन सगळी चालतात म्हणून सांगितलं, तरी गिऱ्हाईक हातात धरत नाही. काळं पडलेलं तर मुळीच नाही. रात्रभर आगळात ठेवा, लख्ख होतं. तेच करावं सगळ्यांनी.

वाशिष्ठीकाठ
नका हो सांगू असं! गुलाबी नाणी याच उपायाने तयार होतात. आगळात कोकमाचं आम्ल आहे आणि वर मीठ. काळा थर जातो, मग जस्त.

मालवणी_तांबापितळ
असा कसा म्हणतास? पितळेची भांडी पिढ्यान् पिढ्या आमसुलाने आणि चिंचेने घासतात. एक तरी समई गुलाबी झालेली दाखवा. उगाच लोकांना घाबरवू नका.

वाशिष्ठीकाठ
समई दोन मिनिटं घासतात आणि लगेच राखेने चोळून धुतात. गुलाबी झाक आलीच तर तिथेच निघते. रात्रभर बुडवून ठेवा, मग बोला. फरक वेळेचा आहे.

मालवणी_तांबापितळ
म्हणजे आमसूल वाईट नाही, बुडवून ठेवणं वाईट. मग तसं लिहा ना पहिल्यापासून!

वाशिष्ठीकाठ
ठीक आहे, तसं लिहायला हवं होतं. पण जमवायच्या नाण्याला दोन मिनिटंसुद्धा नको. घासलेली चकाकी भिंगात ओळखू येते आणि किंमत जाते.

हर्णै_बंदर
मग मासळीबाजारातल्या नाण्यांचं काय करायचं? स्टीलच्या रुपयात १७ टक्के क्रोमियम आहे, तरी मीठ त्याला टोचतंच. ओल्या बटव्यात एकावर एक राहिलेल्या रुपयांवर वरच्या नाण्याच्या काठाची तपकिरी कोर उमटते, आत सुईच्या टोकाएवढे खड्डे. तिलाही लोक ‘दुहेरी ठसा’ म्हणतात. आधी मीठ काढायला हवं: ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवायचं, पाणी रोज बदलायचं, मग टिपून वाळवायचं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी घेऊ नका, तेच मचूळ असतं.

वाशिष्ठीकाठ
ही कृती बरोबर आहे. खड्डे भरून येणार नाहीत, पण वाढायचे थांबतात.

गल्ल्यावरचा
आणि गिऱ्हाईक घेईल?

हर्णै_बंदर
घ्यायला हवं. २०११ च्या नाणे कायद्यात मुद्दाम विद्रूप केलेलं आणि ठरल्यापेक्षा वजन घटलेलं नाणं बाद आहे, डागाळलेलं नाही. राहता राहिली ती तीन नाणी. पाच आणि दहा मला पटली. रुपयाची दुसरी बाजू चपटी आहे की नाही, ते दिसल्याशिवाय तो वापरात बिघडलाय असं मी म्हणणार नाही. पोस्टवाल्यांनी मागचा फोटो टाकावा, आणि वजन दोन दशांश स्थळांपर्यंत.