लाईट गेली की लॅपटॉपचं वायफाय रडतं, मोबाईलचं मात्र झकास चालतं (लिनक्स मिंट २१.३)

केज_सेवाकेंद्र (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं चालतं. अंगठ्याचं मशीन जुन्या विंडोजच्या डबड्यावर आहे, बाकी सगळं काम लॅपटॉपवर, त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१.३. मशीन जुनं आहे पण मिंटवर चांगलं पळतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार अशी की लाईट असली की नेट मक्खन. लाईट गेली की लॅपटॉपवर पान उघडता उघडत नाही. बंद नाही पडत, कनेक्टेडच दाखवतं. पण क्लिक केलं की जरा थांबतं, मग एकदम उघडतं, परत थांबतं. त्यात ओटीपीची वेळ संपते आणि समोर बसलेला माणूस माझ्याकडं बघायला लागतो. वायफायचा प्रिंटर तर कधी दिसतो, कधी दिसतच नाही.

राऊटर इन्व्हर्टरवर आहे, फायबर आहे. एका व्हिडिओत बघून नेटवर्कमॅनेजरच्या (नेटच्या जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) फोल्डरमधल्या 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' फाईलमध्ये ३ चे २ केले होते. लाईट असताना फरक पडला, खरं सांगतो. लाईट गेल्यावर परत तेच. आणि एक गंमत: लाईट गेलेली असतानाच वायफाय बंद करून चालू केलं की बरं चालतं. मग लाईट येऊन परत गेली की पुन्हा रडगाणं सुरू.

नेटवाला म्हणतो लॅपटॉप बदला. दुरुस्तीवाला म्हणतो विंडोज टाका. काय करू?

औंढ्याचा_पेंग्विन

दादा, इन्व्हर्टरच्या मागं एक बटन असतं, यूपीएस मोड आणि साधा मोड. साध्या मोडवर असेल तर लाईट जाताना क्षणभर गॅप पडते आणि राऊटर रिस्टार्ट होतो. आमच्याकडं हेच होतं. बटन यूपीएसवर करून बघा.

केज_सेवाकेंद्र

यूपीएसवरच आहे भाऊ. राऊटरचे दिवे हलत पण नाहीत. आणि त्याच वायफायवर माझा मोबाईल लाईट गेल्यावरही व्यवस्थित चालतो, व्हिडिओ कॉलसुद्धा.

गोदाकाठचा_टक्स

मोबाईल चालतो म्हणलात ना, तिथंच राऊटर, फायबर आणि नेटवाला तिघंही सुटले. आता उरला तुमचा लॅपटॉप. आणि लॅपटॉपला लाईट गेलेली कळते ती एकाच वाटेनं: चार्जर बंद, बॅटरी सुरू. तुमचा चार्जरचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाईनवर नसणार, बघून घ्या.

तेव्हा लाईट जायची वाट बघत बसू नका. (परभणीत आम्हाला फार वाट बघावी लागत नाही, पण तरी.) लाईट चालू असताना चार्जरची पिन उपसा, तोच आजार दिसला पाहिजे. दिसला तर अर्धं काम झालं.

आता जरा इस्कटून सांगतो, कारण ३ चे २ करा एवढं सगळे सांगतात, ते काय आहे हे कुणी सांगत नाही.

वायफायचं कार्ड सतत जागं राहिलं की बॅटरी खातं. म्हणून त्याला झोपायची मुभा आहे, ती वायफायच्या मूळ मानकातच आहे. झोपताना कार्ड राऊटरला सांगतं, मी आडवा होतोय. राऊटर मग त्याच्या नावानं आलेला माल स्वतःजवळ ठेवून घेतो. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मालक कलंडला की त्याचं कुरिअर शेजारचा घेऊन ठेवतो, तसं. राऊटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदाला एक बीकन (छोटा इशारा-संदेश) सोडतो आणि त्यात कुणाकुणाचा माल पडून आहे त्याची यादी असते. कार्ड बीकनच्या वेळेला डोळा उघडतं, यादीत नाव असलं तर उठून माल घेतं, नसलं तर परत झोपतं. काही कार्डं प्रत्येक बीकनला उठत पण नाहीत, दोन-तीन सोडून उठतात.

आता एका पानासाठी डझनभर ठिकाणी जा-ये होते. प्रत्येक खेपेला थोडं थोडं अडलं की तुम्ही म्हणता तसं होतं: थांबतं, एकदम उघडतं, परत थांबतं. स्पीड टेस्ट लावली तर आकडा चांगला येईल, कारण सलग माल येत असला की कार्ड झोपतच नाही. म्हणून स्पीड टेस्ट दाखवून नेटवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही, तो जिंकतो.

प्रिंटरचं कारण पण बहुतेक हेच. प्रिंटर 'मी इथं आहे' ही हाळी सगळ्यांना मिळून देतो. अशा सगळ्यांसाठीच्या हाळ्या, एक जरी गिऱ्हाईक झोपलेलं असलं तरी, राऊटर ठराविक बीकननंतरच सोडतो. त्या वेळेला जो उठला नाही त्याची हाळी गेली.

मोबाईलचं कार्डही झोपतं बरं का, पण तिथं ड्रायव्हर आणि हार्डवेअर एकमेकांसाठी घासूनपुसून बसवलेले असतात.

आता तुमच्या केसमधली खरी खूण म्हणजे ती 'गंमत'. बॅटरीवर असताना वायफाय बंद-चालू केलं की ठीक होतं. का? कारण नेटवर्कमॅनेजर ही सेटिंग फक्त जोडणी करताना लावतो. तुम्ही २ केलंय, म्हणजे झोप बंद. जोडलं की झोप बंद होते, एकदम बरोबर. पण नंतर लाईट गेल्यावर कुणीतरी दुसरा येऊन ती परत चालू करायलाय. तुमच्या लॅपटॉपला दोन मालक आहेत. दुसरा कोण ते शोधायचं.

हे करून बघा. कमांड मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलात इंग्रजीत टाका, सगळी अक्षरं लहान. आधी 'आयडब्ल्यू डेव्ह' मारा, इंटरफेसचं नाव मिळेल, बहुतेक डब्ल्यूएलपी२एस० सारखं काहीतरी. मग चार्जर लावलेला असताना 'आयडब्ल्यू डेव्ह', ते नाव, 'गेट पॉवर_सेव्ह'. मग पिन काढा, थोडं थांबा, तीच कमांड परत. दोन्हीची उत्तरं इथं टाका. शिवाय राऊटरच्या पत्त्याला पिंग (जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावून ठेवा आणि पिन काढताना आकडे बघा. आणि टीएलपी किंवा पॉवरटॉप असलं बॅटरी वाचवणारं काही कधी टाकलंय का तेही सांगा.

केज_सेवाकेंद्र

पिन काढून बघितली. डिट्टो तोच आजार!

चार्जर असताना: पॉवर सेव्ह ऑफ. पिन काढल्यावर: पॉवर सेव्ह ऑन. पिंग चार्जरवर २-३ मिलिसेकंद दाखवायलंय, पिन काढली की कधी ९०, कधी १८०, मधेच ४, असं उड्या मारायलंय.

टीएलपी आहे. बॅटरी टिकत नव्हती म्हणून भाच्यानं टाकून दिलं होतं. पण मी त्याची फाईल उघडून बघितली, ईटीसी फोल्डरमधली टीएलपी डॉट कॉन्फ. त्यात वायफायच्या दोन्ही ओळींच्या आधी # आहे. म्हणजे त्या बंदच आहेत ना? मग टीएलपीचा काय संबंध?

गोदाकाठचा_टक्स

इथंच भलेभले फसतात. टीएलपीच्या फाईलमध्ये वायफायच्या या ओळींआधी # असणं म्हणजे 'ही सेटिंग बंद' नव्हे. त्याचा अर्थ 'तुम्ही काही सांगितलं नाही, म्हणून मी माझं मूळचं वापरतो'. आणि त्या ओळीत दिसतंय तेच त्याचं मूळचं. नीट वाचा: 'वायफाय_पीडब्ल्यूआर_ऑन_एसी' समोर ऑफ असेल आणि 'वायफाय_पीडब्ल्यूआर_ऑन_बॅट' समोर ऑन. चार्जरवर झोप बंद, बॅटरीवर चालू. पिन निघाली की यूडेव्ह (हार्डवेअरमधले बदल टिपणारा सिस्टमचा भाग) टीएलपीला उठवतं आणि टीएलपी आपलं काम इमानेइतबारे करतं. बॅटरी वाचवायलाच भाच्यानं त्याला बसवलंय, तेव्हा त्याला बोल लावू नका. भाच्याला पण नको.

टीएलपी काढून टाका असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. डिस्क, यूएसबी, प्रोसेसर यांचं ते चांगलं बघतं. फक्त बॅटरीच्या त्या ओळीचा # काढा आणि ऑनचं ऑफ करा. फाईल सुडो लावूनच (म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं) उघडा, नाहीतर सेव्ह होणार नाही. मग 'सुडो टीएलपी स्टार्ट'. पिन काढून परत तीच 'गेट पॉवर_सेव्ह'.

दुसरं, तुम्ही डिफॉल्टवाल्या फाईलमध्येच बदल केलाय. ती पॅकेजची फाईल आहे, पुढच्या एखाद्या अपडेटला मिंट विचारेल तुमची ठेवू का नवी टाकू, आणि गिऱ्हाईक समोर असताना आपण काहीही दाबतो. त्यापेक्षा त्याच कॉन्फ डॉट डी फोल्डरमध्ये आपली वेगळी फाईल करा. नाव झेडझेडनं सुरू करा, कारण फाईली वर्णानुक्रमानं वाचल्या जातात आणि शेवटचीचं चालतं. शेवटी डॉट कॉन्फ पाहिजे. आत दोनच ओळी: चौकटी कंसात कनेक्शन, आणि खाली 'वायफाय.पॉवरसेव्ह = २'. आकड्यांचे अर्थ असे की ० म्हणजे मूळचं, १ म्हणजे हात लावू नको, २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. मग नेटवर्कमॅनेजर रिस्टार्ट करा.

बॅटरीची काळजी असेल तर स्क्रीनचा उजेड थोडा उतरवा, माझ्या बघण्यात तिथं जास्त वाचतं. आणि जमलं तर चार्जरचा बोर्ड इन्व्हर्टरवर घ्या, लॅपटॉपचा लोड काही फार नसतो. पण तो उपाय म्हणून नको, सोय म्हणून. सेटिंग दुरुस्त केलीच पाहिजे, नाहीतर उद्या लॅपटॉप घेऊन कुणाच्या शेतावर फॉर्म भरायला गेलात की हॉटस्पॉटवर परत हेच.

केज_सेवाकेंद्र

झालं!! पिन काढली तरी ऑफच दाखवायलंय. पिंग ३-४ च्या पुढं जाईना. मघाशी लाईट गेली आणि मला इन्व्हर्टरच्या आवाजावरून कळलं. प्रिंटर पण दिसतोय. दादा, केजकडं आलात तर चहा नक्की.

लातूर_हॉस्टेल

सर, माझा थोडा वेगळा प्रॉब्लेम आहे. उबुंटू २४.०४. टीएलपी नाही. झाकण बंद करून मेसला जातो, परत येऊन उघडलं की वायफायच गायब, नेटवर्कच दिसत नाहीत. रिस्टार्ट केलं की येतं. क्लासची टेस्ट ऑनलाईन असते, लई टेन्शन येतं. पॉवरसेव्ह २ केलं, काही फरक नाही.

गोदाकाठचा_टक्स

फरक पडणार नाही बाळा, तुझा आजारच दुसरा. केजकरांचं कार्ड डुलक्या घेत होतं, तुझं झोपेतून उठतच नाही. तिथं २ आणि ३ चा काही उपयोग नाही.

वायफाय गायब असताना रिस्टार्ट न करता आधी 'आरएफकिल लिस्ट' मार, वायफाय कशानं अडवलंय का ते दिसेल. हार्ड ब्लॉक्ड समोर येस असेल तर कीबोर्डवरचं विमानाचं बटन किंवा बाजूचा स्विच बघ. सॉफ्ट ब्लॉक्ड येस असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक वायफाय'. दोन्ही नो असतील तर ड्रायव्हर अडकलाय. मग 'एलएसपीसीआय' ला डॅश एनएनके लावून वायफायच्या भागात 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' समोर काय आहे ते वाच. आयडब्ल्यूएलवायफाय (इंटेलचं कार्ड) असेल तर 'सुडो मोडप्रोब डॅश आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम आयडब्ल्यूएलवायफाय', मग 'सुडो मोडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय'. रिस्टार्ट न करता वायफाय परत आलं तर हेच झाकण उघडताना आपोआप होईल अशी छोटी स्क्रिप्ट सिस्टमडीच्या सिस्टम-स्लीप फोल्डरमध्ये ठेवता येते, ती मी लिहून देतो.

त्याच भागातल्या 'कर्नल मॉड्यूल्स' ओळीत आरटीडब्ल्यू८८ नं सुरू होणारं नाव (रिअलटेकचं कार्ड) असेल तर 'सुडो डीमेसेज' मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, 'एलपीएस' शब्द असलेल्या ओळी शोध. 'फर्मवेअर फेल्ड टू लीव्ह एलपीएस स्टेट' दिसलं तर कार्डाची खोल झोप बंद करायची: ईटीसीतल्या मोडप्रोब डॉट डी मध्ये फाईल करून 'ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_कोअर डिसेबल_एलपीएस_डीप=वाय'. तेवढ्यानं नाही भागलं तर दुसरी ओळ 'ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=वाय'. एका वेळेला एकच ओळ टाक आणि रिस्टार्ट करून झाकण बंद-उघड करून बघ, दोन्ही एकदम टाकल्या तर कशानं बरं झालं ते कळणार नाही.

टेस्ट कधी आहे? ती जवळ आली असेल तर तोवर सेटिंगमध्ये जाऊन झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपणार नाही असं करून ठेव, आणि एलएसपीसीआयचं उत्तर नवीन प्रश्न करून टाक. इथं दोन आजार मिसळले की पुढं शोधणाऱ्याचं डोकं फिरतं.

औंढ्याचा_पेंग्विन

टक्सदादा, माझ्याकडं टीएलपी नाही पण पॉवरटॉपची ऑटो-ट्यून सर्व्हिस बूटला लावलेली आहे. तिच्या यादीत पण 'वायरलेस पॉवर सेव्हिंग' दिसतंय. म्हणजे आमच्याकडचा दुसरा मालक हा का?

गोदाकाठचा_टक्स

तोच. ऑटो-ट्यून त्या यादीतलं सगळं सरसकट 'गुड' करून टाकतं, त्यात वायफाय आलंच. ती सर्व्हिस चालल्यानंतर लगेच 'आयडब्ल्यू डेव्ह', नाव, 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ' चालेल अशी ओळ सर्व्हिसच्याच फाईलमध्ये 'एक्झेकस्टार्टपोस्ट' म्हणून लाव. माऊसचं यूएसबी पण ती झोपवते, त्यामुळं माऊस मधेच अडकत असेल तर तेही तिचंच काम आहे.